धुराची वाट : पांढुर्णा आणि सौंसर

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की काटोल आणि नरखेड मागे पडते आणि पुढे पांढुर्णा येते. मध्येच एका राज्याची सीमा ओलांडली गेली हे प्रवाशाला फलाटावरच्या पाट्यांवरून कळते, कानांवरून मात्र कळत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला आणि हा मराठी मुलूख होता तिथेच राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. बाहेरच्या जगाला हे गाव ठाऊक आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे सांगायचे आहे ते घरांविषयी, आणि विशेषतः सैपाकघरांविषयी.

आम्ही गेलो तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. संत्र्यांचा आंबिया बहार सरत आला होता आणि कपाशीची वेचणी चालू होती. जुन्या घरांच्या परसात गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची गंजी, शेजारी तुराट्या आणि भिंतीला थापलेल्या गोवऱ्या, असे दृश्य जागोजागी दिसते. शेतातले पीक घरात येते आणि त्याचे खुंट चुलीत जातात. या भागातील शेतकऱ्याचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. पऱ्हाटी चटकन पेटते, झपाट्याने जळते, म्हणून चुलीपुढून उठता येत नाही. पावसाळ्यात ती ओलावली, की आच कमी आणि धूरच फार.

एका घरी आम्हांला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढण्यात आली. घरातील आजींना आम्ही धुराविषयी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, धुरानं मयालीले घुन लागत नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. धुराच्या थराने लाकूड टिकते आणि डासही थोडे दूर राहतात. मात्र हे सांगताना त्यांना दोनदा खोकल्याची उबळ आली, आणि मयालीला जो थर चढला होता तोच छातीतही उतरला असणार, हे आम्हांला बोलून दाखवावेसे वाटले नाही.

त्या घरावर कवेलू होते. कवेलूंच्या फटींतून धूर हळूहळू पाझरत बाहेर जातो. सैपाकघर काळे होते, डोळे चुरचुरतात, तरी धुराला एक वाट असते. आता गावोगाव कवेलू उतरवून स्लॅब टाकले जात आहेत. माकडांचा उपद्रव आणि दर पावसाळ्यापूर्वी करावी लागणारी फेरणी पाहता हे स्वाभाविकच आहे. पण स्लॅब पडला, खिडकी लहान राहिली आणि चूल मात्र तिथेच राहिली, तर धूर कोंडला जातो. पक्के घर बांधणाऱ्याने आपल्या घरातील स्त्रियांसाठी नकळत अधिक वाईट हवा बांधून ठेवली, असे आम्हांला तेथे वारंवार जाणवले.

हा केवळ पांढुर्ण्याचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. हवेतील अतिसूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे तिने २०२१ साली सांगितले. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकाशी हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी १९८१ साली गुजरातेतील खेड्यांत सैपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मोजणीची लहान उपकरणे लावून हे प्रथम दाखवून दिले. तोवर धूर म्हणजे कारखान्याचा, अशीच शास्त्रज्ञांची समजूत होती.

उपाय आपल्याकडे नव्हते असे नाही. येथून फार दूर नसलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास निर्धूर 'मगन चूल' सिद्ध केली. पुढे सरकारने १९८३ साली सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना काढली, कोट्यवधी चुली बसवल्या आणि २००२ साली ती गुंडाळली. धुराडे काजळीने तुंबते आणि ते वरचेवर साफ करावे लागते, ही साधी गोष्ट सांगायला पुढे कोणी फिरकले नाही. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅस दारात आणला. पण सिलिंडर भरून आणायला रोख पैसा लागतो आणि पऱ्हाटी फुकट असते. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी आम्ही घरोघरी पाहिली. भाकरीच्या चवीचे कारणही सांगितले जाते. ते आम्ही अगदीच नाकारीत नाही! शेतात उघड्यावर गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजावेत आणि पोटभर खावेत. तो धूर आकाशात जातो. बंद खोलीतील रोजच्या धुराची गोष्ट निराळी.

पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागतात. नागपूर-छिंदवाडा ही अरुंद रुळांची जुनी गाडी सौंसरवरून जाई. ती २०१५ साली बंद झाली आणि आता तेथे मोठे रूळ आहेत. सौंसरच्या नव्या वस्तीत चुली कमी दिसल्या, पण दुसरे धूर दिसले. थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या, आत डास मारण्याची कांडी लावलेली, देवापुढे उदबत्त्यांचा जुडगा. एक कांडी जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. मच्छरदाणी हा त्याहून कितीतरी सुज्ञ मार्ग होय. निजायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची रीत तर प्राणघातकच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला जाग येतच नाही.

खोलीत कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते, असे इंदूर-भोपाळच्या आमच्या आप्तांकडेही ऐकू येते. मूळ प्रयोग १९८९ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने बंद पेटीत केला होता. पुढे २०१९ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा एका चौरस मीटरला निदान दहा झाडे लागतील असे निघाले. तुळस अंगणात जरूर असावी, पण खिडकीचे काम तिच्यावर सोपवू नये.

सौंसरला एका घराचे काम चालू होते. स्लॅबची लोखंडी सळई बांधली जात होती. चुलीच्या जागेवर धुराड्यासाठी भोक ठेवणार का, असे आम्ही मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "आताच सांगितलं तर एक पाइप उभा ठेवाचा हाय, खर्च काहीच नाही. मागून फोडाले सांगाल तर स्लॅब गळते." मालकीणबाई जवळच उभ्या होत्या. धुराडे छपराच्या दोन-तीन फूट वर न्यावे, म्हणजे वारा धूर परत आत ढकलीत नाही, आणि समोरच्या भिंतीत खाली एक जाळी ठेवावी, म्हणजे ताजी हवा आत येऊन गरम हवा वर ओढली जाते, एवढे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मिस्त्रींना हाक मारली आणि पाइप कुठे उभा करायचा, ती जागा स्वतः खडूने आखून दिली.