मुखपृष्ठाची कड

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें,’ ही म्हण आम्हीं प्राथमिक शाळेंतच पाठ केली होती. परंतु पाठ केलेली म्हण अंगीं मुरावयास पदरचें कांहीं नुकसान व्हावें लागतें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या हातून असें एक नुकसान झालें, आणि तेंही दुसऱ्याचें. त्याची हकीकत, व त्या निमित्तानें संगीताच्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांविषयीं आम्हांस जें शिकावयास मिळालें तें, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमच्या चुलत्यांस आम्ही नाना म्हणतों. नाना तरुणपणीं गिटार वाजवीत. मुंबईस कॉलेजांत असतांना चहाचे पैसे वांचवून ते फोर्टांत फाउंटनजवळच्या पदपथावरून जुनीं इंग्रजी नियतकालिकें विकत आणीत. त्यांत बहुतेक अंक ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन पाक्षिकाचे असत. त्यांचा गठ्ठा नानांच्या कपाटांत जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधलेला असे.

शाळेच्या प्रदर्शनासाठीं आम्हांस ‘चेहरे’ या विषयावर एक मोठा तक्ता करावयाचा होता. नाना परगांवीं गेले होते. आम्हीं गठ्ठा सोडला. पाहतों तों एकाहून एक चेहरे आमच्याकडे टक लावून पाहत आहेत! आंतील लेख लांबलचक. ते कोण वाचतो? आम्हीं कात्री घेतली, अकरा मुखपृष्ठांवरील चेहरे नीट कापून घेतले, आणि उरलेल्या कडा केराच्या टोपलींत टाकल्या.

दुसऱ्या दिवशीं नाना परत आले. तक्ता पाहून ते रागावले नाहींत. ते टोपलीपाशीं जाऊन बसले व एकेक कड उचलून वाचूं लागले. तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें, कीं प्रत्येक कडेवर बारीक पेन्सिलीनें कांहीं लिहिलेलें आहे : अंक घेतल्याची तारीख, आणि तो कोणाबरोबर बसून वाचला त्याचें नांव. बहुतेक कडांवर एकच नांव होतें. नानांबरोबर ड्रम वाजविणाऱ्या त्यांच्या मित्राचें तें नांव. ते गृहस्थ आतां हयात नाहींत. नाना एवढेंच म्हणाले, “अरे, चेहरे काय, कोठेंही मिळतील.” आम्हांस मान वर करवेना.

त्या रात्रीं आम्हीं खळ शिजविली आणि चेहरे व कडा पुन्हां जोडावयास बसलों. थोड्या वेळानें नानाही येऊन शेजारीं बसले. “ज्या चित्रानें तुझ्या हातीं कात्री दिली, त्यानें तुला भुलविलें कसें, तें तरी समजून घे,” असें म्हणून ते सांगूं लागले.

हें नियतकालिक जॅन वेनर व राल्फ ग्लीसन यांनीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें १९६७ सालीं सुरू केलें. पहिल्या अंकावर तारीख ९ नोव्हेंबर होती, आणि चित्र होतें गायक जॉन लेनन याचें. तेंही एका चित्रपटांतील शिपायाच्या वेषांत, डोक्यावर लोखंडी टोप घातलेलें. संगीताच्या अंकावर शिपाई कां, असा प्रश्न मनांत आला कीं वाचक निम्मा जिंकलाच. आरंभीं हा अंक वर्तमानपत्राच्या कागदावर छापून, घडी घालून विकीत. नांवाचीं वळणदार अक्षरें रिक ग्रिफिन या चित्रकारानें रेखाटलीं होतीं. तो त्या शहरांतील जलशांचीं भित्तिपत्रकें काढी. त्यांचेंच वळण या अक्षरांत उतरलें.

मग नानांनीं एकेक जोडलेलें पान समोर धरून दाखविलें. दुकानांत अंक एकावर एक रचलेले असतात व खालचा भाग झांकला जातो. म्हणून नांव नेहमीं माथ्यावर. चेहरा मोठा, आणि डोळे सरळ पाहणाऱ्याकडे. कारण आपल्याकडे कोणी पाहत असलें कीं आपणही थबकतों. नांव सर्वांच्या परिचयाचें झालें, कीं गायकाचें डोकें खुशाल कांहीं अक्षरें झांकून टाकतें. बाजूस दुसऱ्या गायकांचीं नांवें बारीक टाइपांत असतात. चित्रांतला गायक ज्यास रुचत नाहीं त्याच्यासाठीं तें निराळें आमंत्रण.

एका अंकापाशीं नाना थांबले. तो २२ जानेवारी १९८१ चा. त्यावर लेनन आपल्या पत्नीस, योको ओनो हिला, लहान मुलासारखा बिलगलेला आहे. ॲनी लीबोविट्झ या छायाचित्रकार बाईंनीं हें चित्र ८ डिसेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांच्या घरीं घेतलें, आणि त्याच रात्रीं लेनन याचा खून झाला. या मुखपृष्ठावर लेखांचा एकही मथळा छापला नाहीं. अमेरिकेंतील नियतकालिक-संपादकांच्या संस्थेनें २००५ सालीं मागील ४० वर्षांतील मुखपृष्ठांत त्यास पहिला मान दिला. बोलावणें हेंच ज्याचें काम, त्यानें एखादे वेळीं मौन धरिलें, तर तें किती दूर ऐकूं जातें!

या जागेचा मान एवढा, कीं १९७२ सालीं ‘डॉक्टर हुक’ या वाद्यवृंदानें तिथें आपलें चित्र यावें म्हणून चक्क एक गाणेंच गायिलें. १९७३ च्या मार्चमध्यें त्यांचें चित्र आलेंही, पण व्यंगचित्र म्हणून आणि नांवें न सांगतां. हें ऐकून त्या दिवशीं प्रथमच आम्ही दोघेही हंसलों. परंतु मानाची जागा जपून द्यावी लागते. बॉस्टन येथील शर्यतीच्या वेळीं २०१३ सालीं बॉम्बस्फोट झाला. त्यांतील तरुण आरोपीचें छायाचित्र त्या वर्षीं १ ऑगस्टच्या अंकावर छापलें गेलें. खालीं शब्दांत त्यास राक्षस म्हटलें होतें. तथापि जिथें लाडके गायक झळकावयाचे तिथेंच, त्यांच्याच थाटांत, तो दिसल्यामुळें लोक संतापले, व कित्येक दुकानांनीं तो अंक विकावयाचें नाकारिलें. चित्र पुढें धांवलें. शब्द मागें राहिले.

आमचा तक्ता प्रदर्शनांत गेला नाहीं. जोडलेल्या पानांवर सांधे स्पष्ट दिसतात, आणि दोन कडा तर मिळाल्याच नाहींत. त्या आदल्या दिवशींच केराबरोबर गेल्या होत्या.

वाचकहो, हा वार्षिक अंक हातीं पडतांच आपणही आधीं मुखपृष्ठच पाहिलें असेल. त्यांत वावगें कांहीं नाहीं; दाराशीं उभें राहून बोलाविण्यासाठींच तें असतें. आम्ही मात्र दाराचें तोरण काढून घेऊन अंगणांतूनच परतलों होतों. आतां दर रविवारीं आम्ही नानांपाशीं बसून त्या गठ्ठ्यांतील एक लेख शब्दकोशाच्या साह्यानें वाचतों. वाचून झाला कीं मुखपृष्ठाच्या कडेवर पेन्सिलीनें तारीख घालतों, आणि तिच्यापुढें नानांचें नांव लिहितों.