५/४ की ४/५

मार्च २००५. आमची पलटण फिरोजपूर सोडून आसामकडे निघाली होती. पलटण हलते म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. लंगरची भांडी, ऑफिसच्या लोखंडी पेट्या, फायलींचे गठ्ठे, सगळं दोरीने बांधून बाहेर काढलेलं. कॉम्प्युटर तेवढा शेवटपर्यंत टेबलावर होता, कारण ॲडज्युटंट साहेबांची पत्रं संपत नव्हती आणि तो चालवणारा क्लार्क मी एकटा.

त्या वेळी अडतीस जवान रजेवर होते. रजा संपली की फिरोजपूरला न येता थेट गुवाहाटीच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये हजर व्हा, असं प्रत्येकाच्या घरी कळवायचं होतं. मजकूर एकच. बदलणार फक्त नंबर, रँक, नाव, पत्ता आणि हजर व्हायची तारीख. आमचे हेड क्लार्क साहेब तमिळ, निम्मं आयुष्य टाइपरायटरवर गेलेलं. ते म्हणाले, स्टेन्सिल काप, तारखा हाताने भरू. मी म्हणालो, साहेब, अर्ध्या तासात देतो.

मेल मर्ज मला नुकतंच जमायला लागलं होतं, आणि नवं हत्यार हातात आलं की ते चालवल्याशिवाय चैन पडत नाही. एक्सेलमध्ये नावांची यादी करायची, वर्डमध्ये एकच पत्र लिहायचं आणि नाव-तारखेच्या जागी फील्ड टाकायचं. फील्ड म्हणजे पत्रात सोडलेली एक खिडकी. खिडकीत काय दिसेल ते आतला कोड ठरवतो. ऑल्ट आणि एफ ९ दाबलं की महिरपी कंसातला तो कोड दिसतो, पुन्हा दाबलं की मजकूर. ते कंस नुसते टाइप करून चालत नाहीत, कंट्रोल आणि एफ ९ नेच आणावे लागतात. हे कळायला मला दोन रात्री लागल्या होत्या, म्हणून त्याचा अभिमानही फार.

छापण्याआधी मी तपासलं. पहिलं पत्र पडद्यावर आणलं. त्या जवानाची तारीख होती ४ एप्रिल. पत्रात ४/४/२००५. बरोबर. अडतीस पत्रं छापली, ॲडज्युटंट साहेबांनी उभ्याउभ्या सह्या केल्या, पाकिटं टपालात गेली, कॉम्प्युटर पेटीत गेला.

एक्सेलच्या पोटात तारीख ही तारीख नसतेच, तो नुसता आकडा असतो. ५ एप्रिल २००५ म्हणजे ३८४४७. ५/४/२००५ हे रूप आपण वरून चढवलेलं. वर्डने यादीतून तारीख घेताना ते रूप सोडून दिलं आणि अमेरिकन पद्धतीने महिना आधी, दिवस नंतर छापला. ज्यांची तारीख १७ एप्रिल होती त्यांना ४/१७ असं पत्र मिळालं. सतरावा महिना नसतो, त्यामुळे ते समजून गेले. बाकीच्यांनी रजेच्या कागदावरची तारीख धरली. पण अल्मोड्याकडच्या एका नाईकाची रजा ५ एप्रिलला संपत होती आणि त्याच्या पत्रात आलं ४/५/२००५. त्याने वाचलं ४ मे. पलटण हलतेय, म्हणून साहेबांनी रजा वाढवली असणार, असा त्याने अर्थ लावला. घरात फोन नव्हता. मीही त्याच्या जागी तोच अर्थ लावला असता.

इकडे ६ एप्रिलपासून तो गैरहजर. रजा ओलांडणं हा आर्मी ॲक्टच्या कलम ३९ खालचा गुन्हा. जिल्ह्याला कागद गेला. तो कागदही मीच टाइप केला. त्या वेळच्या उत्तरांचलच्या डोंगरात गावोगाव पोलिसांचं काम पटवारी करायचा. २४ एप्रिलला पटवारी त्याच्या दारात उभा राहिला. अंगण गावाने भरलं. म्हातारीला वाटलं, पोरगा पळून आलाय. त्याच संध्याकाळी तो निघाला आणि २९ तारखेला आमच्यापाशी पोचला. खिशात पत्र, घडीवर फाटत आलेलं.

मी ते पत्र हातात घेतलं आणि पोटात खड्डा पडला. कुणी मला विचारलं नव्हतं. हेड क्लार्क साहेबांना सांगितलं, ते मला घेऊन ॲडज्युटंट साहेबांकडे गेले. साहेबांनी कॉम्प्युटर लावायला सांगितला. मी ऑल्ट-एफ ९ दाबून कोड दाखवला. नुसतं फील्डचं नाव, तारखेचं रूप सांगणारा तुकडाच नाही. "दुरुस्त करून दाखव," साहेब म्हणाले. घाईत मी छोट्या लिपीतला एमएम टाकला आणि पडद्यावर आलं ०५/००/२००५. वर्डमध्ये छोटा एम म्हणजे मिनिटं, मोठा एम म्हणजे महिना. साहेब हसले नाहीत. चार मोठे एम टाकले तेव्हा महिना अक्षरात आला.

पुढे मी एक मॅक्रो बनवला. सगळी पत्रं जोडून झाली की तो प्रत्येक फील्ड मोडून साधा मजकूर करायचा, म्हणजे फाइल नंतर कधीही उघडली तरी तारीख हलणार नाही. हाताने करायचं तर सगळं निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ ९. आणि छापलेलं प्रत्येक पत्र यादीशी पेन्सिलीने ताडून पाहणं, यासाठी मॅक्रो नाही. ते हेड क्लार्क साहेब माझ्याकडून करून घ्यायचे, शेजारी बसून.

नाईकाला शिक्षा झाली नाही. चोवीस दिवस पुढच्या वर्षीच्या साठ दिवसांच्या रजेतून वळते झाले. मला दोन वाक्यं ऐकावी लागली, बस्स.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये, तो माझ्या टेबलाशी आला. बहिणीचं लग्न ठरलं होतं. कॅज्युअल आईच्या आजारपणात संपलेली. मी रजिस्टर उघडलं. वार्षिक रजेचे सहा दिवस उरले होते. आसामहून त्याच्या गावाला नुसतं पोचायलाच चार-पाच दिवस लागायचे. त्यानेही मनात हिशेब केला आणि मनीऑर्डरचा फॉर्म पुढे सरकवला. निरोपाच्या जागेत दोन ओळी लिहून द्या म्हणाला. मी पेन उघडलं.

"शादी की तारीख अक्षरों में लिखना, बाबूजी," तो म्हणाला. हसूनच म्हणाला.