देवांचं युद्ध नको, नैवेद्य लिहा

काल्पनिक पुराण रचणाऱ्याला पहिला मोह पडतो तो देवांच्या युद्धाचा. एक राज्य जिंकतं म्हणून त्याचा देव जिंकतो. हरलेल्यांचं देऊळ पडतं आणि देवही संपतो. कथानकाला हे सोयीचं आहे, पण अशा जगातल्या श्रद्धेला वजन येत नाही. अशी जगं रचताना मी एक तत्त्व पाळतो. परचक्राचा परिणाम देवाच्या शक्तीवर दाखवू नये. देवापुढे काय ठेवलं जातं आणि देव काय मागतो, यावर दाखवावा.

याचा पुरावा सातपुड्यात आहे. नंदुरबारकडचे आदिवासी महाशिवरात्रीला गुजरातेतल्या सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला याहामोगीच्या जत्रेला जातात. ती धान्याची आई. तिला टोपलीतून नवं धान्य वाहतात, दारूही चढवतात. या मुलखावर फारुकी, मोगल, मराठे आले, 1818 नंतर खानदेशात इंग्रज आले. इंग्रजांनी देवीला हात लावला नाही, मोहाच्या दारूला लावला. 1878च्या अबकारी कायद्यानंतर इंग्रजी मुलखात घरची भट्टी गुन्हा ठरत गेली आणि दारू मक्तेदाराच्या दुकानातून घ्यावी लागली. दुकानाबरोबर कर्जही आलं. मग 1922मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली सलाबाई ही देवी डांगमार्गे सुरतेच्या आदिवासींपर्यंत पोचली. अंगात आलेल्यांच्या तोंडून तिने सांगितलं: दारू आणि मांस सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूविक्रेत्यांकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. सलाबाईने कुणाचा वध केला नाही, पण सरकारच्या महसुलाला आणि सावकाराच्या पकडीला धक्का दिला. एक देवी दारू स्वीकारते, दुसरी ती सोडायला लावते. काल्पनिक पुराणात हा विरोध आपण चूक समजून काढून टाकू; प्रत्यक्षात परक्या सत्तेचा इतिहास त्या विरोधातच साठलेला आहे.

जेते देवळं पाडतातच, असा आक्षेप यावर येईल, आणि तो खरा आहे. 16व्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली. पण भक्तांनी कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला नेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेली. जुवारी नदीपलीकडचा तो अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. हिंदू देवांना आसरा मिळाला तो सुलतानाच्या मुलखात. ‘या धर्माविरुद्ध तो धर्म’ असं सूत्र धरून बसलेल्या लेखकाला हा प्रसंग सुचलाच नसता. मूर्ती कुणी उचलली, नदी कुठे ओलांडली, पलीकडे पूजेचा खर्च कुणी सोसला, हे प्रश्न विचारले तरच तो सुचतो.

दुसरा आक्षेप असा की कल्पनेने इतिहासाची चाकरी का करावी? करू नये. आकाशात सहा चंद्र असू द्या, देव प्रत्यक्ष चालू-बोलू द्या. पण माणूस देवाशी जो व्यवहार करतो तो खरा वाटला पाहिजे, कारण वाचकाचा विश्वास चंद्रांच्या संख्येवर बसत नाही. भूक, कर्ज आणि नवस यांच्यावर बसतो.

म्हणून नवं पुराण रचणाऱ्यांना माझी विनंती आहे. स्वर्गाची वंशावळ मांडण्याआधी तुमच्या जगात जंगल कुणाचं, कर कोण घेतो आणि नैवेद्याचं धान्य कुणाच्या शेतातून येतं, एवढं ठरवा. तोवर देवांच्या तोंडी एकही वाक्य घालू नका.