काकीची कातर

नागपंचमी मागं पडली की आमच्या घरात गौरी-गणपतीची पहिली खरेदी व्हायची ती कागदाची. गूळ-डाळ नंतर. आण्णा, म्हणजे आमचे वडील, सांगलीच्या बाजाराला गेले की येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली कागदाची सुरळी आणायचे. एक दस्ता, म्हणजे 24 ताव, सगळे रंग मिळून. त्यात घोटीव कागद जास्त. हा एका बाजूनं चकचकीत आणि मागून पांढरा. चार-पाच ताव पतंगाच्या पातळ कागदाचे, त्यांची फुलं व्हायची. बेगड मात्र विकत आणत नव्हते. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून जो उरायचा तो आजी कणगीमागं जपून ठेवायची, आणि तोच मखराच्या कळसाला लागायचा. बैलांचं उरलेलं देवीला चालतं का, असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, "बैलानं कमावलं म्हणून तर देवी घरात येती."

कागद आणायचे आण्णा, पण त्याला कातर लावायची ती काकी.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. चुलते 1966 साली उसाच्या फडात पान लागून गेले. तेव्हा तिला विसावं होतं की एकविसावं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मूल नव्हतं. माहेरी सावत्र आई, म्हणून परत गेली नाही. आमच्याकडं राहिली, धारा काढल्या, भांगलणी केल्या, आम्हा भावंडांना न्हाऊ घातलं. अक्षरओळख नाही. पण कातर हातात आली की आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी सुद्धा बाजूला बसून बघावं असं काम.

कातरायची ती रात्रीचीच. जेवणं झाली, भांडी झाली की माजघरात कंदील पुढ्यात घेऊन बसायची. आम्ही पोरं भोवती. कागद चकचकीत बाजू आत घेऊन दुमडायचा, म्हणजे वरून नखाचा ओरखडा उठत नाही. एक घडी, दुसरी, तिसरी. तीन घड्यांत आठ पदर होतात. त्याच्या पुढं गेलं की कातर घसरते आणि आतल्या पदराची नक्षी बाहेरच्यापेक्षा वेगळी पडते. काकी म्हणायची, "कातर हलवायची न्हाई. हात एका जागी ठेवायचा आन् कागद फिरवायचा." हे कळायला मला तीन वर्षं लागली. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, पहिल्याच दिवशी कळलं.

पताकांचा हिशेबही तिचाच. 20 बाय 30 इंचाचा ताव चौकोन पाडून कापला तर 16 पताका निघतात. एक सरळ, एक उलटी अशी आखणी केली तर 28. कागदाचा चुरा फार थोडा उरायचा, आणि तोही फुलांच्या मधल्या गोंड्याला जायचा.

जाळीच्या झालरी घडीवर अंदाजानं कातरायच्या, पण चित्राच्या झालरीला खाके होते. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदावर कापून ठेवलेले नमुने. कोयरी, कमळ, मोर हे तर सगळ्यांकडं असतात. काकीची तऱ्हा वेगळी होती. त्या वर्षात घरात जे काही झालं असेल ते ती झालरीत घालायची. धाकटा भाऊ झाला त्या वर्षी पाळणा. खिलार जोडी घेतली त्या वर्षी बैल, आणि त्यातल्या एकाचं शिंग वाकडं होतं तर कागदातलंही वाकडं. विहिरीला पाणी लागलं त्या वर्षी मोट. 1977 ला मी दहावी पास झालो तेव्हा एक पुस्तक आणि एक चष्मा. मला चष्मा नव्हता. पण शिकलेला माणूस चष्म्याशिवाय ओळखू कसा येणार, असं तिचं म्हणणं.

नाग तेवढा तिनं कधी कातरला नाही. नागपंचमीला भिंतीवर लावायला आजी कागदाचा नाग मागायची. काकी म्हणायची, "कातर बोथट झालीया." दरवर्षी त्याच दिवशी कातर बोथट व्हायची. पुढं आजीनं मागणं सोडलं.

चिकटवायला कणकेची खळ. कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायची आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे झुरळं-उंदीर तोंड लावत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं भांडं वेगळं आणि आम्हाला त्याच्याजवळ फिरकायला बंदी. सांगाडा कळकाच्या कामट्यांचा. त्या आण्णा तासून द्यायचे. सोप्यात मखर उभं राहिलं की पुढून जाळी, आत पताका, चारी कोपऱ्यांना फुलांचे घोस. बाया बघायला यायच्या.

मग आलं 1972. आमचं गाव कृष्णाकाठी असलं तरी आमची जमीन वर माळाला. तिकडं नदीचं पाणी तेव्हा चढत नव्हतं आणि वरून पाऊस नाही. शाळू पेरलाच नाही. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरी तव्यावरच फुटायच्या. आई आणि काकी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मी अकरा वर्षांचा होतो. त्या भाद्रपदात कागद आणायचा विषयच नव्हता. आण्णा म्हणाले, यंदा नुसत्या पाटावर गौरी बसवू, देवीला काय कळत नाही का. आजीलाही ते पटलं होतं.

काकी काही बोलली नाही. खडी फोडून आली, की आमच्या जुन्या वह्यांची कोरी उरलेली पानं काढून घ्यायची. पानं पुरेनात तेव्हा तिनं गावातल्या दुकानदाराकडून पुड्या बांधायची रद्दी मागून आणली. प्रश्न रंगाचा होता. आमच्या भागात पैसा नसेल, हळद असतेच. हळदीच्या पाण्यातनं काढलेला कागद पिवळा. कपड्याच्या निळीतनं काढलेला निळा. आधी निळीतनं आणि वाळल्यावर हळदीतनं काढला की हिरवा. आणि हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी ओतली की ते डोळ्यांदेखत लाल होतं. कुंकू असंच करतात.

चार रात्री तिनं कागद रंगवले आणि परसात दोरीवर वाळत घातले. दिवसा नाही, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी ती तशाच हातांनी पाणी भरायला निघाली तर आजी दारात आडवी झाली. "हात धू आधी! गावानं बघितलं तर काय म्हणल?" मला तेव्हा वाटलं, आजी घाणीवरनं ओरडतेय. काकीनं राखेनं हात घासले. हळद लवकर निघत नाही. पदरात हात घेऊन ती पाण्याला गेली.

खळीवरूनही भांडण झालंच. आजी म्हणाली, "खायाला कणीक न्हाई आन् तुमी कागदाला चारताय व्हय?" यात आजीचं चुकीचं काहीच नव्हतं. काकीनं मग चिंचोके गोळा केले, भाजून सालं काढली, रातभर भिजत घालून वाटले आणि शिजवून खळ केली. घोंगडीच्या सुताला लावतात तीच. कणकेपेक्षा ती जास्त चिवट निघाली. पुढं सुकाळ आला तरी काकीनं चिंचोक्याचीच खळ चालू ठेवली.

त्या वर्षी गौरीला पहिल्या दिवशी भाजी-भाकरी झाली, ती मिलोची. दुसऱ्या दिवशी पुरण फक्त नैवेद्यापुरतं. पण मखर होतं. पिवळं, निळं, हिरवं, लाल, आणि उजेडात जवळ गेलं तर माझ्या तिसरीतल्या पाढ्यांच्या ओळी रंगाखालून दिसायच्या. झालरीत त्या वर्षी खडी फोडायचा हातोडा होता.

आता जे सांगायचं आहे ते आमच्या घरात पन्नास वर्षं कुणी उच्चारलं नाही. ते मखर करणारी बाई गौरीपुढं कधी बसली नाही. गौरी घरात आली, की काकी चुलीपुढं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बाया यायच्या, झिम्मा-फुगडी रंगायची, आणि काकी माजघराच्या दाराआड उभी. कुणी विचारलं, मखर कुणी केलं हो, तर आई म्हणायची, "पोरांनी केलंय." विधवेनं केलेलं म्हटलं तर कुणी नाक मुरडेल ही तिची भीती. आई वाईट नव्हती. काकीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी. पण ते वाक्य ती दरवर्षी म्हणाली आणि मला ते आजही पटत नाही. काकी दाराआडून ऐकत असायची.

आक्काचं लग्न 1978 ला झालं. मांडवाला हजारावर पताका लागल्या, त्या काकीनं आणि आक्कानं मिळून कातरल्या. अक्षता पडल्या तेव्हा काकी मागच्या परड्यात जनावरांना वैरण टाकत होती.

पुढं थर्माकोल आला. कोरीव मखरं तयार मिळायला लागली. माझ्या मुलांना तीच आवडायची आणि मीही आणून दिली. काकीची कातर पताकांपुरती उरली. आई 2009 ला गेली. कारभार माझ्या बायकोकडं आला, तरी रिवाज तोच. मग 2018 ला सरकारनं प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली. बाजारात एकच गोंधळ. माझ्या सुनेनं काकीची जुनी ट्रंक उघडली. आत 41 खाके. सून पुण्याकडची, बी.कॉम. झालेली. ती काकीपुढं मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, मला शिकवा." त्या वर्षी पुन्हा कागदाचं मखर झालं.

आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये महापूर. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात छातीभर. आम्ही नावेतून बाहेर पडलो, जनावरं आधीच माळावर नेली होती. परत आलो तेव्हा ट्रंकेत 41 खाक्यांचा एक राखाडी लगदा होता. सून रडली. काकी तेव्हा त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची. तिनं लगदा बोटानं चाचपून बघितला आणि म्हणाली, "माणसं हायत न्हवं?"

गौरीला तीन आठवडे होते. पूरग्रस्तांसाठी पाण्याच्या बाटल्यांची खोकी आली होती, अंगणात ढीग पडला होता. काकीनं त्यांचा पुठ्ठा भिजवून वरचा पापुद्रा सोलून काढला आणि आठवून आठवून खाके पुन्हा कापायला बसली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, हातानंच कडा बघायची. पाळणा, मोट, चष्मा, वाकड्या शिंगाचा बैल. 23 झाले. बाकीचे आठवले नाहीत. त्यात नवा एक, नाव. भिंती इतक्या ओल्या की खळ धरेना, म्हणून त्या वर्षी झालरी सुतळीवर लोंबत होत्या आणि घराला गाळाचा वास होता.

मे 2022 मध्ये आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मी ती बातमी घरात मोठ्यानं वाचली. काकी शेंगा फोडत होती. ऐकलं की नाही कळलं नाही.

गौरी जवळ आल्या तशी सून म्हणाली, यंदा गौरीला पहिलं हळदीकुंकू आजी लावणार. माझी बायको दोन दिवस गप्प होती. भावकीतनं निरोप आला की असलं काही करणार असाल तर आमच्या बाया येणार नाहीत. मी म्हटलं, नका येऊ. बायको तिसऱ्या दिवशी काकीपाशी गेली आणि म्हणाली, "आत्ती, सुनंचं ऐका. माझ्या बी मनात हाय."

काकी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता ह्या कपाळाला लावून काय करू? लावायचं हुतं तवा..." आणि पुढचं गिळलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी सून तिला हाताला धरून सोप्यात घेऊन आली. काकी पाटावर बसली. गौरीच्या मुखवट्याला तिनं हळद लावली, कुंकू लावलं. बोटं कापत होती, कुंकू थोडं नाकावर सांडलं. सुनेनं करंडा तिच्यापुढं धरला. काकीनं त्यातली हळद बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावली. कुंकवाकडं बघून मान हलवली. कुणी आग्रह केला नाही. भावकीतल्या निम्म्या बाया आल्या होत्या, त्या शांत उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "मखर कुणी केलं हो?" माझी बायको म्हणाली, "आमच्या आत्तींनी. पहिल्यापासनं त्याच करत्यात."

काकीनं मान वर करून मखराकडं बघितलं. डोळे बारीक केले.

"डावीकडची झालर दोन बोटं खाली आलीया," ती म्हणाली. "कुणी बांधली?"

माझ्या मुलानं बांधली होती. बाया ताटं घेऊन थांबल्या, तो स्टूल घेऊन चढला, आणि काकी खालून सांगत होती, आणखी जरा वर, आणखी जरा.