सहावा रकाना

राजारामपुरीतील गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. घरभेटींना निघालेल्या नव्या धर्मगुरूला ही मोठीच सोय असते. मेन रोडवरून मोजत गेले की घर सापडते. माझ्या बाबतीत मात्र एका घराचा पत्ता पंचवीस वर्षे पाठ असूनही पाय तिकडे वळत नव्हते. २००० साली मी याच शहरात सहायक धर्मगुरू होतो. पुढे बदल्या होत गेल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा येथेच येणे झाले. आल्यानंतरही वर्षभर मी त्या घराचा जिना चढलो नाही. अखेर गेल्या जूनमध्ये त्या घरातूनच निरोप आला, "फादर, पोरीची सीईटी झालीया. जरा बोलायचं हाय. येऊन जावा की."

गेलो. मुलीने दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. पानभर पट्टीने आखलेले पाच रकाने होते : शाखा, महाविद्यालय, फी, गेल्या वर्षीचा कटऑफ आणि पॅकेज. कॉम्प्युटर सायन्स, माहिती तंत्रज्ञान, एआय आणि डेटा सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल अशा शाखा ओळीने मांडल्या होत्या. गोकुळ शिरगावचे केआयटी, कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, सांगलीचे वालचंद आणि त्यांच्याखाली पुण्याची पाच-सहा नावे. शेवटचा रकाना तेवढा लाल शाईने भरलेला होता.

"फादर, तुम्ही सांगाल ते पहिल्या क्रमांकावर टाकते," ती म्हणाली.

तिचे वडील दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. माझ्या घशाला मात्र कोरड पडली, कारण हेच वाक्य याच खोलीत मी पूर्वी एकदा ऐकले होते. तेव्हा ते तिच्या वडिलांनी उच्चारले होते.

वाचकहो, ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. शहरातील चौकाचौकांत संगणकवर्गांचे फलक लागले होते. सन २००० उजाडताना जुन्या संगणकांतील तारखा कोलमडतील या धास्तीने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जगभर मागणी आली होती, आणि अमेरिकेला गेलेल्या कोणाच्या तरी भाच्याची गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जात होती. हा मुलगा बारावी विज्ञान शाखेतून बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता. त्याचे वडील शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीत मोल्डर होते. सुटीत तोही त्यांच्याबरोबर जाई आणि लेथसमोर तासन् तास उभा राही. आयटीआयला मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा की एका खासगी संस्थेचा महागडा संगणक अभ्यासक्रम, असा त्याचा प्रश्न होता.

पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून आलेला, संगणकावर रविवारच्या सूचनापत्रकापलीकडे काहीही न टंकलेला मी, क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "लोखंडाचे दिवस संपले. कॉम्प्युटर घे."

त्या कुटुंबाने माझे ज्ञान तपासले नाही. माझ्या झग्यावर विश्वास ठेवला. आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअर बाजाराने शिखर गाठले आणि तेथून त्याची घसरण सुरू झाली. २००१ मध्ये आपल्याकडील संगणक कंपन्यांनीही नोकरभरतीला आवर घातला. मुलाच्या हाती प्रमाणपत्र आले, नोकरी आली नाही. आठ महिने पुण्यात वणवण करून तो परतला आणि उद्यमनगरात हेल्परच्या पगारावर कामाला लागला. तोवर माझी बदली झाली होती. हे सारे मला इतरांकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. मी त्याला एक ओळही लिहिली नाही.

असो. त्या संध्याकाळी मी मुलीला म्हणालो, "बाळ, मी काहीही सांगणार नाही. पण तुझ्या वहीत एक रकाना कमी आहे. सहावा रकाना आख आणि त्यावर लिही : या कामातल्या कोणाला भेटले? अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक शाखेसमोर निदान एक भेट नोंदलेली असू दे."

पहिली भेट दूर नव्हती. राजारामपुरीतून उद्यमनगर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गुऱ्हाळांचे चरक आणि शेतीची तेलइंजिने दुरुस्त करता करता ही वसाहत वाढली आणि तिच्यातूनच पुढे शिरोली व गोकुळ शिरगावच्या कारखानदारीला हात मिळाले. मुलीचे वडील आज तेथेच सीएनसी यंत्रावर सेटर आहेत. पण अठरा वर्षांच्या आयुष्यात लेकीने त्यांचे काम कधी पाहिले नव्हते! त्यांच्या ओळखीने आम्ही एका फौंड्रीत गेलो. तेथील तरुण अभियंता संगणकासमोर बसून ओतीव भाग थंड कसा होईल याचे चित्र पाहत होता. वितळलेला धातू गोठताना आकसतो. शेवटी गोठणाऱ्या जागी धातू कमी पडला तर आत पोकळी राहते आणि भाग बाद होतो. ही जागा धातू ओतण्यापूर्वीच पडद्यावर दिसावी अशा संगणक प्रणाली आता वापरतात, आय.आय.टी. मुंबईत प्रा. बी. रवी यांनी 'ऑटोकास्ट' ही अशीच प्रणाली विकसित केली. मुलगी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. "म्हणजे हे मेकॅनिकल की कॉम्प्युटर?" तिने विचारले. अभियंता हसून म्हणाला, "ताई, भट्टीला शाखा कळत नाही."

दुसरी भेट हिंजवडीहून सुटीवर आलेल्या, आपल्याच धर्मग्रामातील एका प्रोग्रॅमरची. पगाराबद्दल त्याने मोकळेपणाने सांगितले, पण मुलीने दुसरेच विचारले, "दादा, मंगळवारी तू दिवसभर काय करतोस?" तो क्षणभर थबकला. मग म्हणाला, दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचण्यात आणि त्यातील चूक शोधण्यात जातो. नवे लिहिण्याचे काम आता एआयही बरेचसे करते, परंतु गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आणि यंत्राने लिहिलेले कोठे फसेल, हे माणसालाच ओळखावे लागते. हे ज्याला कंटाळवाणे वाटेल त्याने या वाटेला येऊ नये. "आणि तुला?" "मला आवडते," तो म्हणाला. वहीत ती दोन्ही वाक्ये नोंदली गेली.

तिसरी भेट तंत्रनिकेतनातील एका निवृत्त शिक्षकांची. त्यांनी लाल शाईच्या रकान्यावर बोट ठेवले. समजा, दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला तीन लाखांची नोकरी लागली आणि एकाला तेहतीस लाखांची. तर सरासरी सहा लाख येते. जाहिरातीत सहा लाख छापले जातात, आणि दहांतील नऊ घरांत त्याच्या निम्मेच पोहोचतात. म्हणून सरासरी विचारू नये. पगारांची चढत्या क्रमाने रांग लावली तर मधल्या मुलाला किती मिळाले, आणि किती मुलांना काहीच मिळाले नाही, हे विचारावे. 'नॅक'चे मानांकन संपूर्ण संस्थेला असते, 'एनबीए'चे एकेका अभ्यासक्रमाला. तेव्हा आपल्या शाखेला ते आहे का, हे पाहावे. पालकांना ठाऊक असावी अशी आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. अभियांत्रिकीचा दरवाजा बारावीनंतर एकदाच उघडतो असे नाही. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांची पदविका करता येते आणि तिच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

मग आम्ही खर्चाला बसलो. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्यावर मी कितीतरी प्रवचने दिली आहेत. हिशेबाला प्रत्यक्ष कागद घेऊन बसलो तो त्या दिवशी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ झाले आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातील नव्हे. आणि पुण्यातील खोलीचे भाडे व खानावळ कोणीही माफ करत नाही. पसंतीक्रमाचेही असेच. पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या आपल्यासाठी उरत नाहीत. म्हणून पहिल्या ओळीत दुसऱ्याची इच्छा लिहू नये.

कोल्हापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना मिरज, सांगली मागे टाकल्यावर किर्लोस्करवाडीचे स्थानक लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग ओळखण्यात डोळा कमी पडतो असे ध्यानात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले. यंत्रांचे आरेखन मात्र धरून ठेवले. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले, ती नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला. आज आपण त्यांचे यश सांगतो. मला त्यांचा तो पहिला निर्णय अधिक मोलाचा वाटतो. आपल्याला काय जमत नाही हे त्यांना काम हाती घेतल्यावर कळले, आणि कळल्यावर त्यांनी ते स्वतःपासून लपवले नाही.

अर्ज भरण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा त्या घरी गेलो. सहाव्या रकान्यात सात भेटी नोंदल्या होत्या. मुलगी आत चहा करत होती. पंचवीस वर्षे मनात घोळवलेले वाक्य मी कसेबसे उच्चारले, "त्या वेळी मी तुला न कळणाऱ्या विषयात सल्ला दिला. तुझे नुकसान झाले. मला क्षमा कर."

तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "फादर, सल्ला चुकला त्याचं काय न्हाई. तवा सगळेच तसं सांगत हुते. आईच्या पाटल्या सोडवल्या मी, कर्ज फिटलं. पण पुण्यास्नं परत आलो तवा वाटलं हुतं, फादर एक पत्र तरी लिवतील. कसा हायस, एवढंच. ते लई लागलं."

मजजवळ उत्तर नव्हते. शाखा, संस्था, पगार यांचे माझे अज्ञान क्षम्य होते; पण सल्ला दिल्यानंतर त्या मुलाचे काय झाले हे पाहायला न जाणे, हे अज्ञान नव्हते. आपण वडीलधारी माणसे, शिक्षक, मामा-काका, धर्मगुरू, मुलांना वाट दाखवतो आणि हात झाडून मोकळे होतो. वाट चुकली तर लाजेने तोंड चुकवतो. आणि नेमके त्याच वेळी त्या मुलाला आपण हवे असतो.

मुलीने चहा आणला आणि वही उघडून अर्जातील क्रम दाखवला. सर्वांत वर कॉम्प्युटर सायन्स होते. पुण्याचे नव्हे, घरून रोज जाता येईल अशा कोल्हापुरातील महाविद्यालयातले. दुसऱ्या ओळीवर मेकॅनिकल. मी चमकून तिच्या वडिलांकडे पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "तिनं समदं बघितलंय, फादर. चुका शोधायला आवडतं म्हणतीया. आवडू दे की."

निघताना तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी माझा फोन क्रमांक लिहिला. तिने पहिल्या सत्राच्या निकालानंतर फोन करायचा, असे ठरले. मात्र आता तिच्या फोनची वाट पाहत बसायचे नाही असे मी ठरवले आहे. गल्ली ठाऊक आहे. दर महिन्याला एकदा तो जिना चढतो.