आदामाचा दाखला

पैनगंगा ओलांडली की पूर्वी निजामाचा अंमल सुरू होत असे आणि आज नांदेड जिल्हा सुरू होतो. त्या सरहद्दीच्या अलीकडे, उमरखेड तालुक्यातील ढाणकी या गावी माझ्या शिक्षकी पेशाचा बराचसा काळ गेला. विज्ञान हा माझा विषय, ख्रिस्ती हा माझा जन्मधर्म, आणि मिशनचे उपदेशक म्हणून वऱ्हाडातील खेडोपाडी पायपीट केलेले माझे वडील निवृत्तीनंतर माझ्याच बिऱ्हाडी राहत असल्यामुळे, वर्गात डार्विन आणि घरी बायबलातले उत्पत्तीचे पुस्तक अशा दोन सरकारांचा अंमल माझ्यावर एकाच वेळी चालत असे.

यवतमाळ ही आम्हा ख्रिस्ती मंडळींची त्या काळची मोठी पेठ. फ्री मेथॉडिस्ट मिशनचे ठाणे तेथे होते, आणि १९५३ साली स्थापन झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीचा मुक्कामही १९८३ साली ती पुण्यास हलेपर्यंत तेथेच होता. वडील मात्र सेमिनरीच्या आधीच्या पिढीचे. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. घरात कोणा मडमेने दिलेले एक जुने इंग्रजी बायबल होते; त्याच्या पहिल्याच पानाच्या समासात सृष्टीचे साल ख्रिस्तपूर्व ४००४ असे छापलेले होते. हा आकडा पवित्र शास्त्रातला नसून आयर्लंडच्या जेम्स अशर नावाच्या आर्चबिशपाने १६५० साली वंशावळ्यांची बेरीज-वजाबाकी करून काढलेला आहे, आणि छापणारांनी तो पुढे समासात घातला, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हिशेब करणारा माणूस शिकलेला होता ना?"

एका उन्हाळ्यात गावालगतच्या शिवारात विहिरीचे काम चालले होते. परीक्षा आटोपलेली होती, तरी मी काही मुलांना घेऊन तेथे गेलो, आणि वडीलही छत्री उघडून मागोमाग आले. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सुरुंगालाही सहजी दाद न देणारा काळा कातळ. आणि त्या कातळाच्या पोटात, कोणी दोरी लावून आखावा तसा, वीतभर जाडीचा विटकरी लाल थर, ज्याच्या खाली पुन्हा पांढऱ्या खड्यांनी भरलेला कातळ सुरू होत होता. शेताच्या मालकाने विचारले, "मास्तर, दगडाच्या मधात ही लाल माती कशी आली हो?"

मी सांगितले, की हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या तप्त लाव्ह्याने बनलेला आहे. एक लोट आला, थिजला, ऊन-पावसाने झिजून त्याच्या माथ्यावर माती झाली, आणि मग तिच्यावर दुसरा लोट येऊन पसरला. ती दबलेली, भाजलेली जुनी जमीन म्हणजे हा लाल थर. वडिलांनी लगेच नोहाच्या जलप्रलयाची साक्ष काढली. मी म्हणालो, की पाण्याने आणलेला गाळ निराळा दिसतो. येथे आग आली, मध्ये दगडाची माती होण्याइतका काळ गेला, आणि पुन्हा आग आली. चाळीस दिवसांच्या पावसात हे बसत नाही. वडिलांनी वर काढून टाकलेल्या त्या लाल मातीचे एक ढेकूळ उचलून बोटांत चुरडले आणि "भिंत सारवायला बरी आहे" असा अभिप्राय देऊन ते घराकडे वळले.

खरे संभाषण झाले ते रात्री, प्रार्थना आटोपल्यावर. वडील म्हणाले, "बाळ, दगडाचे वय तू हवे तेवढे वाढव, मला त्याचे सोयरसुतक नाही. पण माणूस जनावरातून आला म्हणालास, तर ज्यांनी आपल्या माणसांना जनावरासारखे वागविले त्यांचेच खरे झाले की!"

आजवर मी ज्याला केवळ अज्ञान समजत होतो त्याच्या मागचा हा इतिहास मला प्रथमच ऐकू येत होता असे नव्हे. आजोबा गावकुसाबाहेरचे होते, पाणवठ्यावर त्यांना मज्जाव होता, हे घरात सर्वांना ठाऊकच होते. परंतु सहा दिवसांच्या कथेशी त्याचा सांधा कोठे जुळतो हे त्या रात्री स्पष्ट झाले. ब्राह्मण ब्रह्मदेवाच्या मुखातून आणि शूद्र पायांपासून अशी उत्पत्ती सांगणाऱ्या, आणि अस्पृश्याला तर त्या देहातही जागा न देणाऱ्या समाजात, ज्या माणसाला प्रथमच कोणी सांगितले की तू व पाटील एकाच आदामाची लेकरे असून तुम्हां दोघांनाही देवाने आपल्या प्रतिरूपात घडविले आहे, त्याच्या दृष्टीने उत्पत्तीचा पहिला अध्याय हा भूगर्भशास्त्राचा प्रबंध नव्हताच. तो त्याच्या मनुष्यपणाचा दाखला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या त्या बाळंतपणाची जी यथेच्छ टर उडविली, तिच्याही मुळाशी हीच व्यथा होती. आणि फुले हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते, हे येथे सांगितले पाहिजे.

मी वडिलांना म्हणालो, की डार्विननेही हा दाखला रद्द केलेला नाही. १८७१ साली त्याने मनुष्याच्या उद्गमावर ग्रंथ लिहिला, आणि गोरे व काळे यांच्या जाती मुळातच निराळ्या आहेत असे मोठमोठे विद्वान प्रतिपादन करीत असताना, सारी मानवजात एकाच पूर्वजाची संतती आहे या बाजूने त्याने पुरावा मांडला. जनावरातून आलो असू तर सारेच आलो. मुखातून कोणीच आलेला नाही. वडील बराच वेळ स्वस्थ बसले आणि मग म्हणाले, "मग वर्गात हे आधी सांगत जा. माकड नंतर." मी पुढे कायम तोच क्रम पाळला. ढाणकीच्या आसपास बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. तेथून येणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर या क्रमाचा जो परिणाम दिसे तो माकडाने आरंभ केला असता दिसला नसता.

वडिलांची श्रद्धा मात्र मी डळमळीत केली असे कोणी समजू नये. सहा दिवस त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत. माझ्या संग्रहातील स्टीफन हिस्लॉपची हकीकत तेवढी ते आवडीने ऐकत. हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ साली नागपुरास आला. ज्याच्या नावाचे कॉलेज आज तेथे आहे तोच हा. सकाळी शाळा, बाजारात उपदेश, आणि उरलेल्या वेळी हातोडी. १८५१ साली रॉबर्ट हंटर या आपल्या सहकाऱ्यासह त्याने नागपूरजवळ टाकळी येथे कातळाच्या दोन लोटांमधील थरातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया आणि फळे यांचे अश्मावशेष काढले. मांगली या गावच्या खडकात सापडलेली एका उभयचराची कवटी लंडनला गेली व रिचर्ड ओवेनने तिचे नामकरण केले. हिस्लॉप डार्विनपंथी होता असे मी म्हणत नाही. परंतु पृथ्वीचे प्राचीनत्व त्याच्या उपदेशाच्या आड आले नाही, आणि त्याच्याच चर्चमधील ह्यू मिलर याने तर उत्पत्तीतील दिवस म्हणजे दीर्घ युगे असे १८५७ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात हिस्लॉप बुडाला. वडिलांना या माणसाविषयी वाटणारा आदर धर्मबंधुत्वाचा होता, माझा विज्ञानबंधुत्वाचा. आमचे तेवढ्यापुरते एकमत असे.

विदर्भात जीवाश्म प्रथम खणून काढणारांत एक पाद्री असावा, आणि त्याच पाद्र्यांच्या धर्माने विज्ञानाशी दावा लावावा, ही विसंगतीच; पण हा दावा मुळात आपल्या मातीतला नाहीच. अमेरिकेतील डेटन येथे १९२५ साली उत्क्रांती शिकविल्याबद्दल एका शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला. १९६१ साली जलप्रलयानेच बहुतेक गाळाचे खडक घडविले असे सांगणारा एक जाड ग्रंथ तिकडे निघाला, आणि तेथून ही भाषा जगभरच्या मंडळ्यांत पसरली. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस कसे मोजले, हा प्रश्न ओरिगेन या चर्चच्या आचार्याने तिसऱ्या शतकातच विचारून ठेवला होता, हे त्या भाषेत कोठे येत नाही. शिवाय ख्रिस्त्यांनाच तेवढा दोष का द्यावा? जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने केंद्रातील राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे लिहिलेले नाही, असे सांगितले, आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना संयुक्त पत्रक काढावे लागले. पूर्वजांनी पाहिले नाही हाच निकष लावायचा, तर मुखातून झालेला जन्म तरी कोणी पाहिला?

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत विहिरींचे काम आटोपलेले असते आणि पुढे पाणी चढते; तेव्हा वऱ्हाडातील माझ्या शिक्षकबंधूंना एवढीच विनंती, की नववीच्या मुलांना उन्हाळ्यातच काठावर न्यावे, मालकाची परवानगी घ्यावी, आणि कोणी आदामाविषयी विचारले तर त्याला हसू नये.