नवसाचं चित्र

माझी शाळा पोहरादेवीची. रामनवमीला इथं संत सेवालाल महाराज आणि जगदंबा मातेच्या दर्शनाला लाखो बंजारा बांधव येतात. कितीतरी जण नवस फेडायला येतात.

यात्रेनंतर चौथीच्या मुलांना चित्राला ‘यात्रा’ हा विषय दिला. एकाने पाळणे नाही, दुकानं नाही. खाटेवर आई, वर सलाईनची बाटली आणि कोपऱ्यात पांढरा झेंडा काढला. मी म्हटलं, “विषय चुकला बेटा.” तो म्हणाला, “सर, याच्यासाठीच तर गेलतो यात्रेला!”

मग मी वर्गाला सांगितलं. युरोपात कॅथलिक लोक शेकडो वर्षं अशीच चित्रं चर्चमध्ये वाहत आले. आजारी माणूस, बुडणारं जहाज, वर ढगात मेरीमाता किंवा संत, खाली आभाराच्या दोन ओळी. मेक्सिकोत १९व्या शतकात ती पत्र्यावर रंगवायचे. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीला आजही लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. त्यात हिंदूही असतात.

एका मुलीने विचारलं, “सर, ज्यांचं माणूस बरं नाही झालं, त्यांचं चित्र कुठं लावतात?” तिचे बाबा गेल्या वर्षी वारले. मला उत्तर सुचलं नाही. आभाराच्या भिंतीवर तिच्यासाठी जागाच नव्हती.

मी तिला कोरा कागद दिला. तिने सायकलवरचे बाबा काढले. दोन्ही चित्रं वर्गात शेजारी लावली आहेत.

‘विषय चुकला’ म्हणण्याआधी आता मी विचारतो, “हे काय काढलंस, सांग बरं?”